परकीय चलनाचे ‘सिग्नल’ : विश्वास ठेवण्यापूर्वी

उमरगा येथील बाजार समितीच्या आवारात सोयाबीन किंवा तूर विक्रीस आणणारा जाणता शेतकरी आडत्याकडे परवाना आहे किंवा नाही, वजनकाट्यावर वैधमापन यंत्रणेची मुद्रा आहे किंवा नाही, हे आधी पाहतो. भावाची बोलणी त्यानंतर होतात. भ्रमणध्वनीवरून मिळणाऱ्या आर्थिक सल्ल्याच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा होतो. नफ्याची बोलणी आधी होतात आणि परवान्याची चौकशी पैसे बुडाल्यानंतर.

अमुक चलन अमुक दराला घ्यावे, अमुक दराला विकावे, अशा आशयाच्या सूचनेला ‘सिग्नल’ म्हणतात. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरील गटांतून, मासिक शुल्क आकारून असे सिग्नल विकले जातात.

पहिली कसोटी : व्यवहार कायदेशीर आहे काय?

सिग्नल अचूक आहे काय, हा नंतरचा प्रश्न होय. ज्या व्यवहारासाठी तो दिला जातो, त्या व्यवहारास कायद्याची मान्यता आहे काय, हे प्रथम पाहावे. परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, 1999 अन्वये भारतातील रहिवाशास परकीय चलनाचा व्यवहार केवळ प्राधिकृत व्यक्तीशी आणि अनुज्ञेय कारणासाठीच करता येतो. इलेक्ट्रॉनिक व्यवहार करावयाचा असल्यास तो रिझर्व्ह बँकेने प्राधिकृत केलेल्या मंचावर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारातच करावा लागतो. 3 मे 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार शेअर बाजारातील चलन-सौद्यांसाठीही आयात, निर्यात, परकीय कर्ज यांसारखा प्रत्यक्ष संबंध असणे आवश्यक ठरले. परदेशी मंचाकडे अनामत रक्कम पाठविण्यास उदारीकृत प्रेषण योजनेखाली परवानगी नाही. नियमभंग झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये 34 अनधिकृत मंचांची सावधानता यादी प्रसिद्ध केली व पुढे तीत वेळोवेळी भर घातली. यादीत नाव नाही म्हणजे मंच अधिकृत आहे, असे मात्र समजू नये.

अचूकतेचा भास

समजा, एकाने 1,600 जणांना संदेश पाठविले. निम्म्यांना दर चढेल असे सांगितले, निम्म्यांना उतरेल असे. ज्या 800 जणांना खरे उत्तर मिळाले, त्यांचे पुन्हा दोन भाग केले. अशा चार फेऱ्यांनंतर 100 जण असे उरतात की, ज्यांनी चारही अंदाज खरे ठरलेले पाहिले आहेत. ज्ञान काहीच नसताना विश्वास मात्र निर्माण होतो.

‘दहापैकी नऊ सिग्नल खरे’ हा दावाही तपासून घ्यावा. नऊ वेळा प्रत्येकी 100 रुपये मिळाले आणि एकदा 1,500 रुपये गेले, तर हिशेबाअंती 600 रुपयांचा तोटाच होतो. स्वतःच्या रकमेच्या शंभरपट व्यवहार करू देणाऱ्या मंचावर तर दर केवळ 1 टक्का उलट फिरला, तरी सर्व भांडवल संपते.

धोक्याच्या खुणा

• ठरावीक किंवा खात्रीचा परतावा देण्याचे वचन.
• केवळ नफ्याची छायाचित्रे. तोट्यासह संपूर्ण हिशेब दाखविण्यास नकार.
• विशिष्ट परदेशी मंचावरच खाते उघडण्याचा आग्रह. अशा वेळी सल्लागाराची कमाई ग्राहकाच्या नफ्यावर नव्हे, तर त्याच्या सौद्यांवरील दलालीवर अवलंबून असू शकते.
• पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यात भरण्यास सांगणे.
• आरंभी अल्प रक्कम परत देणे. मोठी रक्कम काढताना ‘कर’ किंवा ‘शुल्क’ मागणे.
• नवे सभासद आणल्यास मोबदला.
• सेबीचा नोंदणी क्रमांक नसणे. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक ‘आयएनएच’ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळावा. नोंदणी असली तरी ती नफ्याची हमी नव्हे, आणि बेकायदेशीर मंचावरील व्यवहार तिच्यामुळे कायदेशीर होत नाही.

जवळचे अनुभव

असे प्रकार दूरच्या महानगरांतच घडतात, असे नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे जानेवारी 2022 मध्ये शेअर बाजारातून मोठा परतावा देण्याच्या आमिषाने अनेकांची फसवणूक झाल्याचा गुन्हा नोंदविला गेला. पुण्याच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात दाखल झालेल्या एका गुन्ह्यावरून सक्तवसुली संचालनालयाने ‘ऑक्टाएफएक्स’ या चलन-व्यवहार मंचाची चौकशी हाती घेतली. या मंचाचे नाव रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या पहिल्याच यादीत होते. यादी सर्वांसाठी खुली होती. ती गावोगावी वाचली जाणे आवश्यक होते.

गावपातळीवरील कर्तव्य

हंगामाअखेर हाती आलेला पैसा, निवृत्तीची रक्कम किंवा मुलीच्या लग्नाची पुंजी अशा मार्गाने गेल्यास ती परत उभी करण्यास वर्षे लागतात. ग्रामसभेत ही यादी वाचून दाखविणे, शाळेत शिक्षकांनी वरील 1,600 जणांचे गणित फळ्यावर सोडवून घेणे, हे उपाय विनाखर्चाचे आहेत. फसवणूक झाल्यास लाजेपोटी गप्प न राहता तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे, बँकेस सूचना द्यावी आणि संदेश व पावत्या जपून ठेवाव्यात. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी पुढील खात्यातच रक्कम थोपविली जाण्याची शक्यता अधिक असते. गावकऱ्याने फसलेल्याची चेष्टा केली, तर तो बोलणार नाही. आणि तो बोलला नाही, तर पुढचा सावध होणार नाही.