बोट घेतलीस, आता टाकीचं ऐक
बाळा, शीड कसं बांधायचं ते तुला ऱ्होड आयलंडच्या मरीनात कुणीही शिकवेल. संडासाच्या टाकीचं मात्र कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

तिथला नॅरागॅन्सेटचा उपसागर तिन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेला. आत पडलेली घाण लवकर बाहेर जात नाही. तळाच्या चिखलात कोहॉग नावाचे शिंपले असतात, आपल्या तिसऱ्यांसारखेच पाणी गाळून जगणारे. ते उकरून विकणाऱ्यांची घरं त्यावर चालतात. पाण्यात मैल्याचे जंतू वाढले की शिंपले काढायलाच बंदी येते. म्हणून १९९८ पासून तिथल्या किनाऱ्याच्या पाण्यात बोटीचा मैला सोडायला मनाई आहे. बोटीवरच्या यंत्राने शुद्ध केलेलासुद्धा चालत नाही.

तेव्हा आधी संडासाच्या नळीवरचा वाय-व्हॉल्व्ह शोध. त्याचा एक फाटा टाकीकडे जातो, दुसरा थेट समुद्रात. समुद्राकडचा नुसता बंद ठेवून भागत नाही. दांडा प्लास्टिकच्या पट्टीने असा आवळ की कापल्याशिवाय सुटू नये, नाहीतर सरळ कुलूप घाल. पाहुण्याच्या हातून चुकून फिरला तरी घाण पाण्यातच जाणार.

टाकी काठोकाठ भरू देऊ नकोस. अर्ध्यावर आली की पंपआउटला, म्हणजे पंपाने टाकी उपसून देतात त्या धक्क्याला, जा. रविवारी संध्याकाळी सगळेच परततात, तेव्हाची रांग टाळ. जाण्याआधी टाकीची हवेची नळी मोकळी आहे ना, ते बघ. ती चोंदलेली असली तर पंप ओढायला लागल्यावर टाकी आत चेपते, तडकतेही. डेकवर डिझेल, पाणी आणि मैला यांची झाकणं जवळजवळ असतात, त्यामुळे अक्षरं वाचल्याशिवाय एकही उघडायचं नाही. पंपाच्या नळीचं तोंड मैल्याच्या तोंडावर घट्ट दाबून धर. टाकी रिकामी झाली की दोन बादल्या गोडं पाणी ओत आणि पुन्हा उपसून घे. वासाचा निम्मा त्रास तिथेच संपतो. ब्लीच ओतू नकोस, रबराच्या नळ्या खराब होतात.

सिंकचं पाणीही समुद्रातच जातं, म्हणून आमटीचं भांडं धुण्याआधी तेल कागदाने पुसून कागद कचऱ्यात टाक.

इंजिनाखाली साचलेल्या पाण्यावर तेल दिसलं तर ते पंपाने बाहेर फेकायचं नाही. तेल शोषणारे पॅड तिथे कायम ठेव. आणि पाण्यावर तवंग आलाच, तर त्यावर भांड्याचा साबण मुळीच ओतू नकोस. तवंग फुटतो, पण तेल पाण्यात मिसळून खाली शिंपल्यांपर्यंत जातं. कायद्यानेही त्याला बंदी आहे.