लग्न थांबवल्यानंतरचं काम

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या आसपास काम करणाऱ्या अंगणवाडी टीचर, आशाताई आणि संस्थांमधल्या तरुण मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. बालविवाह थांबवायला आपण आता शिकलो आहोत. थांबवल्यानंतर त्या मुलीशी कसं वागायचं, हे मात्र अजून फारसं कुणी शिकवत नाही.

आमच्या भागात सोळा वर्षांच्या एका मुलीचं लग्न थांबलं. कुणीतरी मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर कळवलं, अधिकारी आणि पोलीस वेळेवर पोहोचले, लग्न लावणार नाही असं आईबापाकडून लिहून घेतलं. मग मांडवातच सगळ्यांना उभं करून फोटो काढला गेला. मुलीचा चेहरा ओढणीनं झाकला होता. पण शेजारी बाप उभा, मागे घराचं दार, खाली गावाचं नाव. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. मुलीनं शाळेत जाणं सोडलं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. लिहून घेतलेला कागद तेलुगूत होता. घरची बोली मराठी. आईला तेलुगू वाचता येत नाही आणि तो कागद तिला कुणी वाचूनही दाखवला नाही. मुलगी सरकारनं लिहून घेतली, आता घेऊन जाणार, अशी तिची समजूत झाली. त्या भीतीनं तिनं लेकीला पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या नातेवाइकांकडे धाडलं. तिथे गुपचूप लग्न लागलं असतं तर इथे कुणाला पत्ता लागला नसता. शाळेतल्या बाई आणि आम्ही काही जणींनी आईला त्या कागदातली ओळन् ओळ मराठीत समजावून सांगितली, तेव्हा कुठे मुलगी परत आली.

म्हणून काही गोष्टी पक्क्या करा.

फोटो नकोच. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे वयाआधी लग्न होण्याचा धोका असलेलं मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक आहे. त्याचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करायला कलम ७४ मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावात बापावरून, घरावरूनही माणूस ओळखू येतो. चेहरा झाकून भागत नाही. अहवालासाठी फोटो मागितला, तर हे कलम दाखवा.

सही किंवा अंगठा घेण्याआधी कागद घरच्या बोलीत वाचून दाखवा. मराठी असो, गोंडी असो की कोलामी. मग त्यांनाच विचारा, यात काय लिहिलंय? त्यांना सांगता आलं नाही, तर पुन्हा समजावा.

मुलीशी एकटीशी बोला. तिचं म्हणणं ऐकणं हे बाल न्याय कायद्याचंच तत्त्व आहे. तिला ताब्यात घेतलं असेल, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. हे आईबापालाही आधीच सांगा, म्हणजे अफवा पसरणार नाहीत.

वकील लागला तर १५१०० वर फोन करा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती आणि जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मुलगी नदीपलीकडे गेली, तरी आपलं काम संपत नाही. १०९८ महाराष्ट्रातही चालतो.

आता हे सगळं शिकवायचं कसं, त्याबद्दल. संयुक्त राष्ट्रांनी १९ डिसेंबर २०११ रोजी मानवी हक्क शिक्षणाचा जाहीरनामा स्वीकारला. हक्कांची माहिती द्यावी, शिकवतानाही शिकणाऱ्याचा मान राखावा आणि हक्क वापरण्याचं बळ द्यावं, असं त्यात आहे. आपल्याकडची प्रशिक्षणं बहुतेक पहिल्यावरच थांबतात. दिवसभर भाषणं, शेवटी चहा आणि हजेरीपटावर सही.

पुढच्या सेक्टर मीटिंगमध्ये वेगळं प्रशिक्षण मागा. खरा फॉर्म समोर ठेवून एकीनं आई व्हावं, दुसरीनं तो तिला मराठीत समजावावा. चुका तिथेच होऊ द्या, तिथेच दुरुस्त करा. कुणाच्या मांडवात शिरण्याआधी एवढी तयारी हा त्या घरातल्या मुलीचा हक्कच आहे.