सुभेदारांची झोप आणि मेलबर्नचं विमान

करवीर तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार मुलाकडे मेलबर्नला निघालेत. रात्री दचकून उठतात, गोळ्या चालू आहेत. तिकडे कोण बघणार, असं त्यांच्या पत्नी विचारतात.

माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना सातासमुद्रापार चालत नाही. ऑस्ट्रेलियाची 'ओपन आर्म्स' ही समुपदेशन सेवा त्यांच्याच माजी सैनिकांसाठी आहे. पर्यटक व्हिसावर मेडिकेअर ही तिथली सरकारी आरोग्य योजनाही नाही. म्हणून विमा काढावा, त्यात दचकून उठण्याचा हा त्रास लपवू नये. तिथं आधी जीपी, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर गाठावा. भाषा अडली तर तिथल्या दुभाषा सेवेच्या 131 450 या क्रमांकावर दुभाषा मिळतो.

गोळ्यांचं मात्र इथूनच बघावं. कोल्हापूरच्या डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, औषधांच्या मूळ नावांसह. तीन महिन्यांपुरताच साठा, तोही मूळ पाकिटातच. चटणीच्या डब्याशेजारी सुट्या गोळ्या नकोत!

निघेपर्यंत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत मोफत बोलता येतं.