पाळीव प्राणी आणि सूचिचिकित्सा

कुत्रे म्हातारे झाले म्हणजे त्याच्या कोपराच्या व खुब्याच्या सांध्यांतील कूर्चा झिजू लागते. सकाळी उठताना ते कण्हते, जिना चढताना मध्येच थांबते, धन्याच्या स्वागतास पूर्वीप्रमाणे धावत येत नाही. वेदनाशामक औषधे आहेत. परंतु ती दीर्घकाळ दिल्यास जठरास व मूत्रपिंडास इजा पोहोचण्याचा संभव असतो. मांजराच्या बाबतीत अडचण याहून मोठी आहे, कारण माणसांच्या घरोघरी आढळणारे पॅरासिटामॉल मांजरास प्राणघातक ठरते. अशा वेळी ॲक्युपंक्चरकडे, म्हणजे सूचिचिकित्सेकडे, धन्याचे लक्ष वळावे हे स्वाभाविक आहे.

या चिकित्सेत केसासारख्या बारीक, भरीव सुया शरीराच्या ठराविक स्थानी टोचून काही मिनिटे तशाच ठेवतात. सुईतून औषध जात नाही. कधी सुयांना सौम्य विद्युत्प्रवाह जोडतात. बहुतेक कुत्री हे निमूटपणे सोसतात, काही तर तेवढ्यात झोपीही जातात.

चीनमध्ये जनावरांवर हा उपचार जुना आहे. मात्र तो प्रामुख्याने घोड्यांवर होई. मिंग राजवटीत १६०८ साली यू बेनयुआन व यू बेनहेंग या बंधूंनी रचलेला अश्ववैद्यकाचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. कुत्र्यामांजरांच्या अंगावरील आजची बहुतेक स्थाने मात्र विसाव्या शतकात माणसाच्या नकाशावरून उतरवून घेतलेली आहेत. या उसनवारीतून एक गमतीचा प्रकार घडला : घोड्यास पित्ताशय मुळीच नसते, तरीही त्याच्या अंगावर ‘पित्ताशयाची वाहिनी’ दाखविली जाते! १९७२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी चीनला भेट दिली, त्या सुमारास पाश्चात्त्य देशांत सूचिचिकित्सेविषयी कुतूहल वाढले. १९७४ साली पशुवैद्यांची आंतरराष्ट्रीय सूचिचिकित्सा संस्था अमेरिकेत स्थापन झाली.

वाहिन्या व प्राणशक्ती यांची कल्पना शरीरशास्त्राने स्वीकारलेली नाही. परंतु सुई टोचल्याने काहीच घडत नाही, असेही म्हणता येत नाही. १९७६ साली टोरोंटो येथील पॉमेरान्झ व च्यू यांनी उंदरांवर प्रयोग केले. सुयांतून विद्युत्प्रवाह दिल्यावर उंदरांची वेदनेची जाणीव मंदावली. पण अफूचा परिणाम नाहीसा करणारे नॅलॉक्सोन हे द्रव्य टोचताच हा आराम नाहीसा झाला. यावरून मेंदूत तयार होणारी अफूसदृश द्रव्ये या आरामाच्या मुळाशी असावीत, असे अनुमान निघाले. पुढे २०१० साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथील संशोधकांना असे आढळले की, सुई फिरविली असता तिच्या भोवतालच्या ऊतकांत ॲडेनोसिन हे द्रव्य वाढते. त्या द्रव्याचा विशिष्ट ग्राहक ज्यांच्या शरीरात नव्हता, अशा उंदरांना आराम पडला नाही.

परंतु प्रयोगशाळेतील उंदीर वेगळा आणि घरातील लंगडणारे कुत्रे वेगळे. ‘आता बरे वाटते’ असे कुत्रे सांगत नाही; त्याच्या वतीने धनीच सांगतो. पुष्कळांस असे वाटते की, मुक्या जनावरास उपचाराची कल्पना नसल्यामुळे त्याच्या बाबतीत मनाच्या समजुतीचा प्रश्न येत नाही. ही समजूत चुकीची आहे. सांधेदुखीच्या एका औषधाची परीक्षा चालू असता निव्वळ खोटे औषध मिळालेल्या ५८ कुत्र्यांची माहिती २०१२ साली प्रसिद्ध झाली. कुत्रे पायावर किती भार देते हे जमिनीत बसविलेल्या बलमापक फळीने मोजले होते. फळीवर सुधारणेची नोंद नसतानाही धन्यांना सुधारणा दिसल्याचे प्रमाण शेकडा सुमारे ४० होते, आणि पशुवैद्यांचे त्याहून थोडे अधिकच! समजूत कुत्र्याची होत नाही, पाहणाऱ्याची होते.

हीच फळी सूचिचिकित्सेसही लावण्यात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोपराचा जुनाट संधिवात असलेल्या नऊ कुत्र्यांना विद्युत्-सूचिचिकित्सा व नुसता देखावा असे दोन्ही उपचार आळीपाळीने देण्यात आले. दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थात नऊ ही संख्या फार लहान आहे.

मणक्यांमधील चकती सरकून मागचे पाय लुळे पडण्याचा विकार डाक्सहुंडसारख्या लांबट कुत्र्यांस विशेष होतो. त्याविषयी ब्राझीलमधून २०१० साली आलेले आकडे अधिक आशादायक आहेत : विद्युत्-सूचिचिकित्सा झालेल्या १९ पैकी १५, केवळ शस्त्रक्रिया झालेल्या १० पैकी ४, आणि दोन्ही झालेल्या ११ पैकी ८ कुत्र्यांस गुण आला. परंतु हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि या विकारात कित्येक कुत्री विश्रांतीनेही सावरतात. त्यामुळे श्रेय सुईला किती द्यावे, हे या आकड्यांवरून ठरत नाही. २००६ सालीच उपलब्ध प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनीही, पशूंसाठी ही चिकित्सा सुचविण्यास अथवा नाकारण्यास पुरेसा आधार नाही, असाच निष्कर्ष काढला होता.

सुईने अपाय क्वचितच होतो. अपाय होतो तो विलंबाने. लंगडण्यामागे हाडाचा कर्करोग असू शकतो. मागचे पाय लुळे पडून बोट जोराने चिमटले तरी कुत्र्यास कळेनासे झाले, तर शस्त्रक्रियेच्या निर्णयास तासांचाच अवधी असतो. म्हणून आधी पशुवैद्याकडून निदान करून घ्यावे आणि मगच सुयांचा विचार करावा. उपचार सुरू करण्यापूर्वी कुत्रे किती पायऱ्या न थांबता चढते, किती अंतर चालते, हे धन्याने लिहून ठेवावे. काही आठवड्यांनी तीच मोजणी उपचाराची माहिती नसलेल्या एखाद्या शेजाऱ्याकडून करवून घ्यावी.