कशावरून?

मुलुंड (पश्चिम), रविवार रात्र

चि. मनूस,


फोनच करणार होते. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतेस, तुझ्या बाबासारखीच. म्हणून लिहिते आहे.

काल घाटकोपरची माझी मैत्रीण नातवाला घेऊन आली होती. तो तुझ्या आठवीच्या वर्गातला. कौतुकाने त्याने इतिहासाची वही दाखवली. एका पानावर फोटो चिकटवलेला, कमानींच्या पुलावरून आगगाडी चाललेली. खाली सुवाच्य अक्षरात, ‘१६ एप्रिल १८५३. भारतातली पहिली गाडी ठाण्याच्या खाडीवरून जाताना.’ मी विचारलं, कशावरून रे? तर म्हणाला, ‘मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं.’ तेव्हापासून चैन नाही.

अगं, त्या दिवशी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्याला थांबली. खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गाडी गेली ती १ मे १८५४ ला, वर्षभरानंतर. मग पहिल्याच दिवशी ती खाडीच्या पुलावर कशी? फोटो कोणी काढला, कधी काढला, मूळ प्रत कुठे आहे, यातलं काहीच तू पाहिलं नसणार. कोणीतरी पाठवला, तू पुढे दाखवलास. आपल्या घरात रेल्वेचा इतिहास कोणी कोणाला शिकवायचा? आप्पांची उभी हयात जीआयपी रेल्वेत गेली. त्यांची नात असं करते?

फोटो चुकला याचं मला तेवढं नाही. एक चूक उद्या दुरुस्त होईल. पण त्या पोराने ‘मॅडमनी दाखवलं’ एवढ्यावर प्रश्न मिटवला, ते मला लागलं. उद्या तो कोणाचंही कसलंही पत्र, कसलाही फोटो असाच खरा मानेल.

तुमच्या हाताशी किती आहे, याचा विचार कर. राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले, तेव्हा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड झाले. आम्हाला साधं गॅझेटियर चाळायचं तर फोर्टात जाऊन दिवस मोडावा लागे. तुला राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या उघडतं. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर तर पानन् पान वाचता येतं. ते मुलांपुढे ठेव. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी ही आपली सगळी साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघ. मात्र आधी मुखपृष्ठ दाखव, मग पान. कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, ते त्यांनाच शोधू दे. साहेबाने कारभारासाठी लिहिलेलं पुस्तक आहे ते. त्याला काय दिसलं नसेल, तेही विचार. त्याच्याशेजारी गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३ चं ‘मुंबईचे वर्णन’ ठेव. आपल्याच शहरातल्या माणसाने, मराठीत लिहिलेलं. पहिल्या गाडीला कुठे सत्तावन्न मिनिटं लागल्याचं छापतात, कुठे सव्वा तास. यातलं कोणतं धरायचं आणि कशावरून, यावर एक तास गेला तर जाऊ दे. पोर्शन राहील, राहू दे.

हे सगळं मी तुला सांगते आहे खरी. पण मी काय केलं, ते कधी सांगितलं नाही.

नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष असेल. सातवाहन शिकवत होते. कान्हेरीच्या लेण्यांना कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दानं दिली, असं सांगून पुढे निघाले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. दोन वेण्या, लाल रिबिनी. ‘बाई, कशावरून?’ मला उत्तर ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, ‘पुस्तकात आहे. खाली बस.’ ती बसली. वर्षभर तिने पुन्हा हात वर केला नाही. वर्गाच्या खिडकीतून डोंगर दिसायचा, मनू. त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, बोरिवलीच्या बाजूला, दान देणाऱ्यांची नावं-गावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. मी ती पहिल्यांदा पाहिली निवृत्तीनंतर. त्या खडकापुढे उभी राहिले आणि मला त्या मुलीचं नाव आठवेना. अजून आठवत नाही.

म्हणून तो पोरगा ‘मॅडमनी दाखवलं’ म्हणाला तेव्हा मला तू नाही, मीच दिसले.

जास्त बोलले का? साठ-साठ मुलांचे वर्ग, निवडणुकीची कामं, त्यात संध्याकाळची घाटकोपरची गर्दी, आणि तरी तू रात्री बसून मुलांसाठी काही शोधतेस. आम्ही तर खडू आणि डस्टरपलीकडे गेलो नाही. तोच फोटो पुन्हा वर्गात लाव आणि ‘मी चुकले, कशी ते शोधा’ म्हण. मुलं तुला हसणार नाहीत.

आणि एक. आप्पांची पत्र्याची पेटी तुला ठाऊक आहे, जिला हात लावला म्हणून लहानपणी माझ्याकडून धपाटा खाल्लास ती. त्यात त्यांचं जीआयपीतल्या नेमणुकीचं पत्र आहे. घड्यांवर विरलंय, शाई फिकी झालीय. मी गेल्यावर ते कोणाला द्यायचं, असं मनात घोळायचं. आता तूच घेऊन जा, वर्गात दाखव. मुलांनी हात लावला तरी चालेल.

शनिवारी शाळा सुटली की इकडेच ये. अळूवड्या करून ठेवते. उशीर झाला तर राहा, तुझी गोधडी उन्हात घालून ठेवली आहे.

तुझी,
आत्या