पाहणी करावी कशी?



आपली मुलेमुली आता एम.बी.ए.पर्यंत शिकू लागली आहेत. तिथे त्यांना प्रकल्प करावा लागतो. पुष्कळजण ‘ऊसतोडणीतील उशीर’ हाच विषय घेतात आणि छापील प्रश्न घेऊन गट ऑफिसात येतात. पहिला प्रश्न ठरलेला : “आपण समाधानी आहात काय?” कोणी हो म्हणतो, कोणी नाही. त्यातून हाती काय लागणार?

पाहणीचा उत्तम धडा आपल्या शिरूर तालुक्यातच आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुकचा अभ्यास करून १९२१ साली पुस्तक प्रसिद्ध केले. कुटुंबवार जमीन, कर्ज, मिळकत आणि खर्च मांडून कोणाचे भागते व कोणाचे भागत नाही, हे त्यांनी दाखविले. मत विचारण्याआधी हिशेब विचारला.

प्रकल्प करणाऱ्यांनी एवढे करावे :

१. प्रश्न नेमका ठरवावा. आडसाली १६-१८ महिन्यांत तुटतो, सुरू साधारण १२ महिन्यांत. दोघांचा उशीर एकाच मापाने मोजता येत नाही.

२. माणसे चिठ्ठीने निवडावीत. ऑफिसात बसलेल्यांनाच विचारले तर आडबाजूच्या वस्तीवरचा लहान सभासद सुटतो. नोंदवहीत १२०० नावे असून ६० हवी असतील, तर १ ते २० मधली एक चिठ्ठी उचलावी आणि तिथून दर विसावे नाव घ्यावे.

३. आठवणीवर विसंबू नये. लागणीची तारीख नोंदीवरून आणि वजन काटापावतीवरून घ्यावे.

४. कारण घाईने ठरवू नये. वजन घटले ते उशिराने की पाण्याने? दौंडकडचा भीमाकाठचा ऊस आणि शिरूरकडचा विहिरीवरचा ऊस सरसकट एकत्र करू नये. जात, लागणीचा महिना आणि पाणी सारखे असलेलेच फड ताडून पाहावेत.

५. उत्तर देणाऱ्याचे नाव अहवालात घालू नये. ‘खरे बोललो तर आपली तोड मागे पडेल’ ही धास्ती असली की माणूस गोड बोलतो.

आता आपले काम. पोर दारात आले तर चहा पाजून वाटेला लावू नका. पावत्यांची पिशवी काढा आणि आहे ते सांगा. मात्र अहवालाची एक प्रत गट ऑफिसात द्यायला लावा. मार्क त्याला मिळतील. पण तोड कुठे आणि का अडते, हे आपल्याला आकड्यांनिशी वार्षिक सभेत मांडता येईल.

— ऊस विकास अधिकारी