प्लग आणि ब्रेक यांची निवड

भाईंदरच्या खारी भागांत सायंकाळीं फिरतांना जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलीची तडतड कानीं आली कीं आम्ही क्षणभर थांबतों. १९८५ पासून १९९६ पर्यंत निघालेली यामाहा आरएक्स १०० अद्यापि कित्येक घरीं जपून ठेविलेली आहे, आणि तिची 'डर्ट बाइक' करण्याची हौस आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांस असते. परवान्याचें वय होईपर्यंत हातीं पाना घेण्यास आमची हरकत नाहीं. मात्र वस्तु पारखून घ्याव्या.

चार धावांच्या एंजिनांत दोन फेऱ्यांतून एकदां इंधन पेटतें, टू-स्ट्रोकमध्यें प्रत्येक फेरीस. मिनिटास ६,००० फेरे झाले तर सेकंदास १०० ठिणग्या! शिवाय पेट्रोलाबरोबर ऑइलही जळतें. म्हणून प्लगाचें टोंक काजळी जाळण्याइतकें तापावें, परंतु ठिणगीपूर्वींच मिश्रण पेटेल इतकें तापूं नये. ही मर्यादा सुमारें ४५० ते ८७० अंश सेल्सिअस आहे. आंतील उष्णता लवकर बाहेर टाकतो तो 'थंड' प्लग, धरून ठेवितो तो 'गरम'. गल्लींतून हळू हिंडणाऱ्या गाडीस फार थंड प्लग घातला तर तो काळा व ओला होतो. भरधांव गाडीस फार गरम घातला तर टोंक पांढरें पडतें, आणि पुढें दट्ट्यास भोंकही पडूं शकतें. टोंक कोरडें व फिकट तपकिरी दिसल्यास निवड बरोबर समजावी. एनजीकेचा आंकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशचा नेमका उलट. मोठा आंकडा म्हणजे अधिक जोर ही समजूत भ्रामक होय.

आंकड्याइतकींच अक्षरेंही महत्त्वाचीं. एनजीकेच्या 'बी ८ एचएस' व 'बी ८ ईएस' या दोहोंचा व्यास १४ मिलिमीटर. परंतु पहिल्याच्या आट्यांची लांबी १२.७, दुसऱ्याची १९. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें आंखूड आट्यांच्या एंजिनांत लांब प्लग बसविला. तो सुरेख बसला, आणि पहिल्याच किकेस दट्ट्या त्यावर आदळला. वडिलांनीं आणून दाखविलेला तो चेपका प्लग अजून आमच्या टेबलावर आहे. जुना प्लग शेजारीं धरून पाहिला असता तर हें टळतें.

आतां ब्रेक. मूळ आरएक्स १०० च्या दोन्ही चाकांस ड्रम आहेत. तिच्याकरितां दुकानांत पॅड मागूं नये, शू मागावे. शर्यतीच्या नव्या गाड्यांस डिस्क असते, तिला पॅडें लागतात. येथें काटकसर करूं नये, कारण मूठ सोडली तरी टू-स्ट्रोक एंजिन गाडीस फारसें आवरीत नाहीं. सारा भार ब्रेकांवर पडतो. तंतू व राळ यांचें ऑरगॅनिक पॅड हातास मऊ लागतें व डिस्क कमी झिजवितें, पण वाळूमिश्रित चिखलांत फार लवकर संपतें. धातूची भुकटी दाबून भाजलेलें सिंटर्ड पॅड अशा जागीं टिकतें. मात्र गाडीच्या डिस्कला तें चालतें कीं नाहीं हें माहितीपुस्तकांत पाहावें.

शास्त्रांत मिठाची थोरवी असली तरी लोखंडास तें सोसत नाहीं. खाडीच्या वाऱ्यानें कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात व एकच पॅड झिजतें. म्हणून पॅड बदलतांना पिना काढून साफ कराव्या. आणि प्लग पुसलेलें ऑइलाचें फडकें तिकडे नेऊं नये. ऑइल मुरलेलें पॅड धुऊन पूर्ववत् होत नाहीं. जोडीच बदलावी लागते.